निर्यातीला हमी, मजूर वाऱ्यावर

२७ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेने भारतीय मालावरील जादा आयातकर ५० टक्क्यांवर नेला. त्यातला निम्मा भाग रशियाचे तेल घेतल्याबद्दलचा दंड होता. परंतु त्याची झळ तेलकंपन्यांना नव्हे, तर तिरुपूरच्या होजियरी कारखान्यांना आणि सुरतेच्या हिरे-कारागिरांना लागली. २०२६ च्या फेब्रुवारीत हा बोजा हलका झाला. मधल्या काळात निर्यात-संवर्धनाची यंत्रणा नेमकी कोणाच्या मदतीला धावली, याचा हिशेब मांडणे अगत्याचे आहे.

मदत झालीच नाही असे म्हणणे सत्याला सोडून होईल. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २५,०६० कोटी रुपयांचे निर्यात प्रोत्साहन मिशन मंजूर केले आणि निर्यातदारांच्या २०,००० कोटींपर्यंतच्या जादा कर्जाला संपूर्ण सरकारी हमी दिली. पण कर लागू झाल्यापासून या निर्णयापर्यंत अकरा आठवडे उलटले होते. बडी कंपनी एवढा काळ तग धरते. छोट्या कारखानदाराचे खेळते भांडवल त्याआधीच आटते.

शिवाय हमी मिळते ती बँकेला. कारखानदाराच्या डोक्यावर कर्ज ते कर्जच राहते. निर्यात पत हमी महामंडळ १९५७ पासून विमा देते, तो परदेशी खरेदीदाराने पैसे बुडविल्यास. मागणीच आली नाही, तर विमा कशाचा? निर्यात-संवर्धन परिषदांचे दरवाजे उघडतात ते नोंदणीपत्र असलेल्यांसाठी. बड्या निर्यातदाराच्या हाताखाली शिलाई, रंगाई, छपाई करून देणारा जॉबवर्कवाला त्यांच्या वहीत निर्यातदार ठरतच नाही. मग त्याच्याकडे नगावर काम करणारी स्त्री-कामगार तर कोणत्याच वहीत नाही. निर्यात वाढली तेव्हा तिची मजुरी त्या प्रमाणात वाढली नाही. निर्यात घटली की मात्र पहिली सुट्टी तिलाच.

सवलतीची सर्वांत जड किंमत महाराष्ट्राने मोजली. गिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा म्हणून सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि मुदत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातील वेचणीचा सारा भर याच काळात आला. मध्यम धाग्याच्या कापसाचा ७,७१० रुपये हमीभाव कागदावर राहिला आणि बाजारात परदेशी गाठी उतरल्या. वॉशिंग्टनने लादलेला दंड दिल्लीने यवतमाळच्या शेतकऱ्याच्या नावे खर्ची टाकला!

छोट्या निर्यातदाराला मदत नको, असा याचा अर्थ मुळीच नाही. तो बुडाला तर कामगारही बुडतो. पण सार्वजनिक पैशातून दिलेल्या हमीला अट हवी: कामगारकपात नाही, मजुरी थकविणे नाही. जॉबवर्कवाल्याला थेट कर्ज मिळाले पाहिजे. परिषदांच्या कारभारात लहान उत्पादक आणि कामगार संघटना यांना जागा मिळाली पाहिजे. कापूस स्वस्त करायचा तर त्याचा भार तिजोरीने उचलावा, शेतकऱ्याने नव्हे. कामगार संघटना आणि शेतकरी संघटना यांनी ही मागणी एका व्यासपीठावरून केली, तरच पुढच्या संकटात मदतीचा ओघ वरच्या वर अडणार नाही.