घसारा पहिल्या मालकाला, दुरुस्ती दुसऱ्याला

जुन्या मोटारींच्या बाजारात एक विलक्षण व्यवहार नित्य घडत असतो. दहा-बारा वर्षांपूर्वी उद्योगपतींच्या दिमतीला असलेली मर्सिडीज किंवा बी.एम.डब्ल्यू. नव्या छोट्या मोटारीच्या किमतीत विकत मिळते. घेणारा बहुधा छोटा व्यापारी, कंत्राटदार किंवा बऱ्या पगाराचा नोकरदार असतो. वर्ष-दीड वर्षात दुरुस्तीपायी त्याच्या बचतीला भगदाड पडते आणि ‘हौसेला मोल नसते’ असे म्हणत शेजारीपाजारी त्याला हसतात. त्याची हौस हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. मोटारीची किंमत एक-दशांशावर आली तरी तिच्या दुरुस्तीचा खर्च का उतरत नाही, आणि हा खर्च अखेर कोणाच्या तिजोरीत जातो, हा खरा प्रश्न आहे.

मर्सिडीजची १९९८ साली आलेली एस-क्लास घ्या. जाणकार तिला ‘डब्ल्यू २२०’ म्हणतात. पोलादी स्प्रिंगांऐवजी ती हवा भरलेल्या रबरी पिशव्यांवर तोललेली असते. रबर ते रबरच. दहा-बारा वर्षांत त्याला चिरा पडतात. रात्रीतून हवा निघून जाते आणि सकाळी मोटार एका कोपऱ्यावर बसलेली आढळते. मालकाने चालढकल केली, तर गळणारी हवा भरून काढण्यासाठी कंप्रेसर धावत राहतो आणि अखेर जळतो. एका चिरेचे दोन खर्च होतात. तिच्या स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल आयुष्यभरासाठी भरलेले आहे, असे कंपनीने प्रथम सांगितले. पुढे तिनेच ते बदलण्याचा सल्ला दिला. हे ‘आयुष्य’ मोटारीचे की वॉरंटीच्या मुदतीचे, हे मात्र कोणी सांगितले नाही. त्याच गिअरबॉक्सच्या विजेच्या जोडणीवरील रबरी कडी झिजली, की तेल तारांच्या वाटेने चढत चढत नियंत्रक पेटीपर्यंत पोहोचते. कडी चिल्लर किमतीची, पेटी हजारोंची.

बी.एम.डब्ल्यू.च्या २००१ ते २००८ या काळातील सेव्हन सीरीजची कथा याहून बोलकी आहे. तिच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनातील व्हॉल्व्हची सीले उष्णतेने कडक होतात, तेल जळू लागते आणि सिग्नलला थांबून निघताना मागे निळ्या धुराचा लोट उठतो. इंजिनाच्या दोन रांगांमधील खोबणीत कूलंट वाहून नेणारी एक नळी आहे. तिच्या टोकाचे सील गळू लागले, की कंपनीच्या पद्धतीनुसार इंजिनाचा पुढचा सारा भाग उघडावा लागतो. पदार्थ थोड्या पैशांचा, मजुरी मात्र इतकी की जुन्या मोटारीची किंमत तिच्यापुढे फिकी पडावी. यावर उपाय शोधला तो कंपनीबाहेरच्या कारागिरांनी. जुनी नळी कापून काढायची आणि तिच्या जागी लांबी कमी-जास्त करता येणारी, दोन तुकड्यांची नळी बसवायची. इंजिन उघडण्याचे काम उरलेच नाही. वर्कशॉपमध्ये हात काळे करणाऱ्याला जे सुचले, ते कंपनीच्या अभियंत्याला सुचू शकले नसते असे नव्हे. त्याला ते सुचण्याचे कारण नव्हते, एवढेच.

तिसरे उदाहरण ब्रेकचे. २००२ साली मर्सिडीजने ई-क्लासमध्ये विजेच्या पंपावर चालणारे ब्रेक आणले. या यंत्रात ब्रेक किती वेळा दाबला याची मोजणी होते आणि ठरावीक आकडा गाठला की संपूर्ण भाग बदलण्याचा इशारा झळकतो. २००४ साली या ब्रेकपायी सुमारे ६ लाख ८० हजार मोटारी तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या. पुढे कंपनीने ही पद्धत सोडून दिली. रस्त्यावर उरलेल्या मोटारींचे मालक मात्र तिला बांधलेले राहिले.

ही सारी उदाहरणे एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. मोटारीची रचना पहिल्या मालकाच्या चार-पाच वर्षांसाठी झालेली असते. त्यापुढचे तिचे म्हातारपण इतरांनी पोसायचे असते. आपल्याकडे या विषमतेला सरकारी खजिन्याचाही हातभार लागतो. कंपनीच्या नावावर घेतलेल्या मोटारीवर प्राप्तिकराच्या हिशोबात दरसाल १५ टक्के घसारा धरता येतो. इंधन, चालक आणि दुरुस्ती हा धंद्याचा खर्च ठरतो. म्हणजे पहिल्या मालकाच्या ऐटीचा काही भार सार्वजनिक तिजोरी उचलते. पुढे तीच मोटार पगारदाराच्या दारी आली, की घसारा नाही, वजावट नाही. उरते ती फक्त दुरुस्ती.

यंत्र गुंतागुंतीचे झाले म्हणून हे अटळ आहे, असे कंपन्यांचे वकील म्हणतील. ते अर्धसत्य आहे. याच मर्सिडीजची १९७६ सालची २४० डी ग्रीसमधील एका टॅक्सीचालकाने ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ साली कंपनीने ती सन्मानाने आपल्या संग्रहालयात ठेवली. ती मोटार न बिघडल्यामुळे टिकली असे नव्हे. तिचे इंजिन कित्येकदा उतरवले गेले, दुसरे बसवले गेले. ती टिकली कारण ती दुरुस्त करता येत होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली आपली प्रीमियर पद्मिनी तर २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यावर टॅक्सी म्हणून धावली. त्या काळचे परवाना-राज, वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी आणि तो धूर यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण पद्मिनीचे ज्ञान फुटपाथवरच्या फिटरच्या मालकीचे होते. आजच्या आलिशान मोटारीचे ज्ञान कंपनीच्या संगणकात कुलूपबंद आहे. नवा भाग बसवला तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्याला ‘ओळख’ दिल्याशिवाय अनेकदा तो चालत नाही.

हा केवळ आमचा आरोप नव्हे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने खुल्या बाजारात मिळू न देणे, हा त्यांच्यावरील ठपका होता. यादीत मर्सिडीज आणि बी.एम.डब्ल्यू. होत्या, तशाच मारुती, टाटा आणि महिंद्राही होत्या. कंपन्यांनी या आदेशाला आव्हान देत वरच्या न्यायपीठांचे दरवाजे ठोठावले. ज्यांच्यापाशी वकिलांची फौज आहे त्यांना विलंब परवडतो. गळकी मोटार दारात उभी असलेल्याला तो परवडत नाही.

येथे आमचेच काही मित्र विचारतील, की ज्या देशात कोट्यवधींना एस.टी.ची वाट पाहत उभे राहावे लागते, तेथे मर्सिडीजवाल्याचे अश्रू कशाला पुसायचे? प्रश्न रास्त आहे. सार्वजनिक वाहतूक हेच खरे उत्तर, याविषयी दुमत नाही. परंतु महागड्या मोटारीत जे प्रथम येते, ते पुढे सर्वांच्या वाट्याला येते, हा या उद्योगाचा इतिहास आहे. चाके जाम होऊ न देणारे ए.बी.एस. ब्रेक १९७८ साली एस-क्लासमध्ये आले. आज ते छोट्या मोटारींतही आहेत. एअरबॅगचा प्रवास असाच झाला. सुरक्षितता अशी खाली झिरपली, तर कुलूपही झिरपणारच. अमेरिकेत ट्रॅक्टरच्या सॉफ्टवेअरवरून शेतकरी कंपन्यांशी भांडत आहेत. उद्या ती पाळी रिक्षाचालकावर, टेम्पोवाल्यावर येईल. आणि ज्या दिवशी गल्लीतल्या गॅरेजला त्याच्या वाहनाचे बॉनेट उघडून काही करता येणार नाही, त्या दिवशी त्या गॅरेजमधील हजारो पोरांचे कसब मातीमोल होईल. डोळ्यांत पाणी आणायचे तर त्यांच्यासाठी आणावे.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. दुरुस्तीची माहिती, बिघाडाच्या सांकेतिक खुणा आणि सुटे भाग स्वतंत्र कारागिराला रास्त दरात मिळालेच पाहिजेत. उत्पादन बंद झाल्यावरही ठरावीक वर्षे भाग पुरवण्याचे बंधन कायद्याने घातले पाहिजे. ‘आयुष्यभर’ असा दावा करणाऱ्याला त्या आयुष्याची वर्षे लेखी सांगावी लागली पाहिजेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मतपेटीतून मिळवला. आपल्या केंद्र सरकारने २०२२ साली या विषयावर समिती नेमली आणि पोर्टल उघडले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. विकत घेतलेली वस्तू उघडण्याचा, समजून घेण्याचा आणि दुरुस्त करण्याचा अधिकार ज्याला नाही, तो तिचा मालक नसून भाडेकरू आहे, आणि भाडेही दुसऱ्याने ठरवलेले आहे.