पेरणी गणपतीतच

गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला बसले आणि इथल्या मराठी मंडळाचा उत्सव त्यानंतरच्या शनिवारी कॅनडातल्या ब्रॅम्प्टनजवळच्या एका शाळेच्या सभागृहात झाला. आरतीची तयारी चालली होती. एकवीस दूर्वांची जुडी बांधली जात असताना शेजारी उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या मुलीनं ती हातात घेऊन निरखली आणि म्हणाली, "आजी, हे तर आमच्या मागच्या अंगणातलं गवत आहे. बाबा म्हणतात, ते मेलंय."

बाबा जवळच होते. "हो ना काकू, सगळं वाळून गेलं. आता काय, स्प्रिंगमध्ये बघू," असं म्हणून ते खुर्च्या मांडायला गेले. आजूबाजूच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. त्यांच्याही घरी तीच स्थिती होती आणि त्यांचंही तेच ठरलं होतं.

प्रस्तुत लेखिकेला राग आला तो या 'स्प्रिंगमध्ये बघू'चा. तो आज पाडव्याच्या अंकापर्यंत टिकला आहे, कारण अजून अंगणात बर्फ आहे आणि दुकानांत बियाण्याच्या पिशव्या मात्र रचल्या जाऊ लागल्या आहेत. महिन्या-दीड महिन्यात तीच मंडळी त्या उचलून आणतील, मे महिन्यात टाकतील आणि ऑगस्टमध्ये पुन्हा म्हणतील, मेलं.

त्या सभागृहातले निम्मे लोक सांगली, सातारा, नगर, जळगावकडचे. मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागतं आणि पेरा त्यावर ठरतो, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. लेखिकेचे वडील वाळवा तालुक्यातले शेतकरी. पहिला पाऊस पडला म्हणून त्यांनी कधी घाईनं पाभर धरली नाही. मूठभर माती उचलून दाबायची, चिखल बोटांना चिकटला तर परत फिरायचं. वापसा आला की पेरणी. बियाणं कितीही भारी असलं तरी वेळ चुकली की दुबार पेरणी ठरलेली, हे घराघरात ठाऊक होतं. तीच माणसं समुद्र ओलांडून आल्यावर बियाण्याच्या पिशवीवरचा किमतीचा आकडा पाहतात आणि तारीख पाहत नाहीत, हे पटत नाही.

इथलं गवत आपल्या गवतासारखं वागत नाही, मूळ गोष्ट ही आहे. आपली दूर्वा म्हणजे हरळी. इंग्रजीत तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात. ती उष्ण हवेची, भर उन्हात पसरणारी. गारवा वाढला की तिची वाढ थांबते, ती तपकिरी पडते आणि ओंटारिओचा हिवाळा तिला सोसत नाही. लेखिकेच्या घरी एका कुंडीत हरळी जपली आहे. ऑक्टोबरमध्ये ती दक्षिणेच्या खिडकीत येते आणि जूनपर्यंत जेमतेम जीव धरून राहते. वाळव्याच्या रानात याच हरळीच्या काश्या काढताना वडिलांचे हात सोलपटून निघत.

अंगणातलं गवत निराळं. ते बहुतेक करून केंटकी ब्लूग्रास असतं, जोडीला फेस्क्यू आणि रायग्रास. (केंटकीचं नाव लागलं तरी ते गवत युरोपातून आलेल्या लोकांबरोबर तिकडे गेलं.) पात्याचं टोक पाहा, होडीच्या नाळेसारखं वर वळलेलं दिसेल. ही थंड हवेची गवतं. हवा साधारण १५ ते २४ अंशांत असली की ती जोमानं वाढतात, म्हणजे वर्षातून दोनदा, मे-जूनमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मधल्या कडक उन्हात पाणी कमी पडलं की ती निजतात. पाती पिवळी पडतात, पण मातीला टेकलेला कोंब आणि जमिनीखालच्या काश्या जिवंत राहतात. चार-सहा आठवडे असं गवत सहज तग धरतं. तेव्हा त्या चिमुरडीला द्यायचं उत्तर असं होतं: बाळ, ते मेलेलं नाही, झोपलंय, आणि आता उठायच्या बेतात आहे.

उठायच्या त्या वेळीच त्याला सोबत हवी असते. शेतात उगवण विरळ झाली की आपण नांग्या भरतो. लॉनमध्येही तेच करायचं, आणि ते ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, फार तर थोडं पुढे. तेव्हा उन्हाळाभर तापलेली माती अजून ऊबदार असते, वरची हवा निवलेली असते, पहाटे दव पडतं. बी उबेत रुजतं आणि रोप गारव्यात वाढतं. एकहंगामी तणांचा जोर ओसरलेला असतो. पहिलं कडक दहिवर पडेपर्यंत रोपाला मुळं धरायला सवड मिळते, आणि पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापूर्वी थंड हवेचा आणखी एक अख्खा वसंत त्याच्या वाट्याला येतो.

मे महिन्यात टाकलेल्या बियाला यातलं काय मिळतं? बर्फ वितळून माती गारठलेली आणि चिंब. आपल्या पील भागातली जमीन बहुतेक चिकणमातीची, वापसा यायला वेळ घेणारी. नव्या वसाहतींत तर बिल्डरनं वरची सुपीक माती खरवडून नेलेली असते, रोलरनं घट्ट झालेल्या मातीवर बोटभर भर घालून सॉडच्या, म्हणजे तयार गवताच्या, गुंडाळ्या अंथरलेल्या असतात. अशा ओल्या मातीवर चालणंसुद्धा तिला दगड करतं. बी रुजायला उशीर होतो, तोवर क्रॅबग्रास हे तण उगवून वर येतं. रोपं दोन बोटांची होतात न होतात तोच जुलैचं ऊन. मोठं गवत निजून सावरतं. कोवळ्या रोपाला अजून निजण्याइतकी मुळंच नसतात.

लेखिकेच्या दिरांनी दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीत, अंगणभर बी टाकलं. बाजारातलं सर्वांत महाग, दोन पिशव्या. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, जून महिन्यात अंगण मखमलीसारखं दिसलं, फोटो घरच्या ग्रुपवर आले. ऑगस्टमध्ये तिथे क्रॅबग्रासचे चट्टे होते. त्याच वर्षी लेखिकेच्या घरी साधं मिश्र बी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडलं. दोन्ही घरांत अंतर अकरा मिनिटांचं, माती तीच, पाऊस तोच. गेल्या उन्हाळ्यात दोन्हीकडचं गवत पिवळं पडलं, पण एकीकडचं सप्टेंबरमध्ये उठलं आणि दुसरीकडे उठायला फारसं काही उरलं नव्हतं. दिरांची मेहनत कमी नव्हती, हे आवर्जून लिहायला हवं. त्यांची मेहनत जास्तच होती.

आपल्या सणांनी ही तारीख आपल्याला आयती बांधून दिली आहे. गणेश चतुर्थी बहुतेक वर्षी या महिना-दीड महिन्यात येते. रायग्रास पाच ते दहा दिवसांत उगवतं, म्हणजे विसर्जनापर्यंत कोवळी हिरवी लव दिसते. फेस्क्यूला आठवडा-दोन आठवडे लागतात. ब्लूग्रास सगळ्यात सावकाश, दोन ते चार आठवडे. घटस्थापनेला आपण घटाभोवती धान्य पेरतो, साधारण तोवर अंगणातलं ब्लूग्रासही वर येतं. या कामाला इतकी सोपी दिनदर्शिका इथल्या दुसऱ्या कुणाकडे नसेल, आणि ती हातात असून आपण मे महिन्यात लायलॅक फुलायची वाट पाहत बसतो.

कामही दोन दिवसांचं आहे. गवत एरवीपेक्षा आखूड कापायचं, पाच सेंटिमीटरपर्यंत, फक्त या एका वेळी. दाताळ्यानं वाळलेला थर ओरबाडून काढायचा. घट्ट जमिनीवर कोअर एरिएटर फिरवायचा. ते यंत्र मातीच्या बोटभर लांब वळ्या उपसून वर टाकतं. त्या वेचायच्या नाहीत, पावसानं विरघळतात. वर सेंटिमीटरभर कुजलेलं कंपोस्ट, मग बी, शंभर चौरस मीटरला साधारण दोन किलो, अर्धं उभं आणि अर्धं आडवं फेकून. दाताळ्याच्या पाठीनं हलकेच मातीशी भिडवायचं. उगवेपर्यंत वरचा थर ओलसर राहील इतकंच पाणी, दिवसातून दोन-तीनदा, झारीनं दिल्यासारखं. वर्षाच्या खताचा मुख्य हप्ताही याच महिन्यातला. आपण तो एप्रिलमध्ये देतो, पाती भराभर वाढतात आणि मुळं मागे राहतात.

याच दिवसांत आणखी एक शत्रू जमिनीखाली असतो. मूठभर गवत ओढून पाहा. ते सतरंजीसारखं उचलून आलं तर ती झोप नव्हे, हुमणी आहे. ऊसवाल्यांना हुमणी काय ते सांगायला नको. पहिल्या वळवानंतर बाभळी-कडुनिंबावरचे भुंगेरे हलवून पाडणारी माणसं आपल्यात आहेत. इथे जपानी बीटल आणि युरोपियन शेफर यांच्या अळ्या तेच करतात आणि त्या खायला रात्री स्कंक आणि रकून अंगण उकरतात. अळ्यांवर उपाय म्हणून सूत्रकृमी मिळतात. ते ऑगस्टच्या अखेरीस ते सप्टेंबरच्या सुरुवातीला, अळ्या लहान असताना, ओल्या मातीत, ऊन कलल्यावर सोडायचे. म्हणजे पुन्हा गणपतीच.

आता तणनाशकाबद्दल. ओंटारिओत २२ एप्रिल २००९ पासून घराच्या अंगणात केवळ शोभेसाठी रासायनिक कीडनाशकं वापरायला बंदी आहे, खत आणि तणनाशक एकत्र असलेल्या पिशव्याही दुकानांतून गेल्या. या वाटेची सुरुवात क्वेबेकमधल्या हडसन नावाच्या लहानशा गावानं १९९१ मध्ये केली. फवारणी कंपन्या कोर्टात गेल्या आणि २००१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या बाजूनं निकाल दिला. लेखिकेच्या मते हा निकाल आपल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवा. मंडळातले काहीजण सीमेपलीकडून तणनाशकाच्या बाटल्या गाडीतून आणतात आणि पिकनिकला त्याबद्दल उघडपणे बोलतात. त्याच अंगणात मुलं अनवाणी खेळतात. त्याच अंगणातून दूर्वा म्हणून गवत खुडलं जातं आणि देवापुढे ठेवलं जातं, नंतर तेच हात प्रसादाला लागतात. यावर अजून पुष्कळ लिहिता येईल, पण मूळ मुद्द्याशी त्याचं नातं इतकंच की दाट गवतात डँडेलायनच्या बियाला माती सापडत नाही, आणि दाट गवत गणपतीतल्या पेरणीनं होतं. लोहयुक्त फवारा कायद्यानं चालतो, हातानं उपटायचं लांब दांड्याचं अवजारही मिळतं, आणि पांढरं क्लोव्हर तर हवेतला नत्र मातीत आणतं, त्याला शत्रू मानायचं कारणच नाही.

कापण्याचं तेच. पाहुणे येणार म्हणून लॉन बारीक कापायची आपली सवय गवताला उपाशी ठेवते. पान हेच त्याचं स्वयंपाकघर. सात-आठ सेंटिमीटर उंची ठेवावी, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नये, कापलेलं तिथेच पडू द्यावं.

रुजलेल्या गवताच्या पाण्याचा हिशोब ढोकळ्याच्या थाळीनं होतो. ती स्प्रिंकलरखाली ठेवायची, बोटाचं एक पेर बुडेपर्यंत पाणी साचलं की आठवड्याचं काम झालं, पाऊस धरून. टोरांटोत वर्षाला सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो, बारा महिन्यांत वाटून. पुण्यात त्याहून थोडा कमी, पण त्यातला बहुतेक चार महिन्यांत. इथे रोज नळ सोडायची गरज नसते. वाळव्या-शिरोळकडे बेसुमार पाण्यानं जमिनी क्षारपड झाल्या, तेव्हा जास्त पाणी म्हणजे जास्त पीक नव्हे हे आपल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आणि हिवाळ्यात ड्राइव्हवेवर पोतं रिकामं करून मीठ टाकणाऱ्यांनी कडेची जमीन चोपण होते हेही आठवावं. निसरड्यावर वाळूही चालते.

हे सगळं लिहून झाल्यावर लेखिकेला त्या सभागृहातला बाबा आठवतो आणि जीव चरकतो. तो बारा तासांची पाळी करून खुर्च्या मांडायला आला होता. सप्टेंबर म्हणजे शाळा सुरू, गणपतीची सजावट, लेझीमच्या तालमी, प्रसादाचा स्वयंपाक, त्यातच आईवडिलांच्या व्हिसाची कागदपत्रं. ज्या महिन्यात अंगणाला आपली गरज असते त्याच महिन्यात मंडळालाही असते. 'स्प्रिंगमध्ये बघू' हा आळस नव्हता, दमलेपण होतं. त्या दिवशी लेखिका काही बोलली नाही ते बरं झालं. इथे काही कडक लिहिलं गेलं असेल तर त्यानं आणि इतरांनीही मनात ठेवू नये. तळघरात भाड्यानं राहणाऱ्यांना तर हा लेख दूरचाच वाटेल, त्यांचीही क्षमा.

मात्र दमलेल्या माणसांसाठी एक सोय करता येते. यंदा अधिक ज्येष्ठामुळे गणपती उशिरा, १४ सप्टेंबरला आहेत. ब्लूग्रासला तोवर थांबवणं धोक्याचं, म्हणून पेरणी आधीच उरकलेली बरी. नारळी पौर्णिमा शुक्रवारी, २८ ऑगस्टला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, लेखिकेच्या गल्लीतल्या सहा घरांनी मिळून एरिएटर दिवसभरासाठी भाड्यानं घ्यायचं ठरवलं आहे. कंपोस्ट एकाच ट्रकनं येईल. त्या आठ वर्षांच्या मुलीच्या घरी यंत्र दुपारी पोहोचेल. तिनं झोपाळ्याखालची पाच-सहा पावलांची जागा स्वतःसाठी मागून घेतली आहे, आणि बी उभं-आडवं कसं फेकायचं ते तिला आत्ताच बर्फावर तांदूळ टाकून दाखवून झालं आहे.