नकार देणाऱ्याचे नाव काय?

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या आगमनाची रजिस्टरे जपून ठेवलेली आहेत, हे या पानाच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. कोकणातून आलेल्या आपल्या आजे-पणज्यांचे नाव, बापाचे नाव, वय, गाव, जहाज आणि क्रमांक त्यांत टिपलेला आहे. कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे नाव लिहिले गेले. त्यामुळे कोणाचे आडनाव हरवले, तर कोणाचे पाळण्यातले नावच पुढे आडनाव झाले. तरी नोंद राहिली. आणि त्याहून मोलाची गोष्ट ही की, ती नोंद कोणाकडे मागावयाची हे आपल्याला ठाऊक आहे. एक संस्था, एक दार, एक खिडकी.

आता दुसरी गोष्ट ऐका. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातले आजोबा दुसऱ्या महायुद्धात पायोनियर पलटणीत भरती होऊन इजिप्तकडे गेले होते. नातवंडांना त्यांची सेवेची नोंद हवी होती. पहिल्या कार्यालयाने कळविले की कागद आमच्याकडे नाहीत. दुसऱ्याने तिसऱ्याचा पत्ता दिला. तिसऱ्याकडून उत्तरच आले नाही. यांत गंमत अशी की, "देणार नाही" असे कोणीच म्हटले नाही. नकार मिळाला, पण नकार देणारा माणूस मात्र सापडला नाही.

आजचा आमचा विषय हाच आहे. लष्कर, नौदल, किनारारक्षक दल अशा खात्यांकडे नागरिकाने कागद मागितला, तर त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची? प्रश्न कारकुनी वाटेल. पण माहितीच्या कायद्याचा सारा कस या एका प्रश्नात आहे, असे आमचे मत आहे.

आपल्या दृष्टीने याचे सर्वांत जवळचे उदाहरण दिएगो गार्सिया. १९६५ साली इंग्रजांनी छागोस बेटे आपल्यापासून तोडली, १९६६ मध्ये अमेरिकेशी करार केला, आणि १९६८ ते १९७३ च्या दरम्यान तेथील माणसांना घरादारांतून उठविले. त्यांतली कितीतरी माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली ती काहीच हातात नसताना. या कुटुंबांना काही विचारावयाचे असेल तर विचारावे कोणाला? बेटाचा कारभार लंडनच्या परराष्ट्र खात्यातून चाले. बेटावर ब्रिटिश नौदलाची एक लहानशी तुकडी. तळ चालविते ते अमेरिकन नौदल, आणि तो तळ त्यांच्या जपानमधील प्रादेशिक मुख्यालयाच्या हाताखाली. धावपट्टीवर विमाने उतरतात ती अमेरिकन हवाईदलाची, म्हणजे त्यांचे कागद आणखी निराळ्या खात्यात. शिवाय तळावरच्या बहुतेक खलाशांची नेमणूक साधारण एका वर्षाची. पत्र पोचेपर्यंत माणूस बदललेला. याला आपल्याकडे बारभाई कारभार म्हणतात.

या कारभाराचे फळ काय, तेही पाहा. अमेरिकेने पकडलेल्या कैद्यांना घेऊन जाणारी विमाने दिएगो गार्सियावर उतरली काय, या प्रश्नाला इंग्लंडचे मंत्री अनेक वर्षे "नाही" म्हणत होते. फेब्रुवारी २००८ मध्ये परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांना पार्लमेंटात उभे राहून कबूल करावे लागले की २००२ साली अशी दोन विमाने तेथे उतरली होती आणि आधीची ग्वाही चुकीची होती. पुढे जुलै २०१४ मध्ये सरकारने पार्लमेंटला कळविले की २००२ च्या उड्डाणांच्या नोंदी पाण्याने भिजल्यामुळे अपुऱ्या आहेत. आणि थोड्याच दिवसांत पुन्हा कळविले की कागद वाळले, काही गेले नाही! नोंद सांभाळणारा आणि उत्तर देणारा एकच ठरलेला अधिकारी असता, तर ही नामुष्की ओढवली नसती.

आता ज्या अमेरिकेच्या नौदलाचा हा तळ, त्या नौदल खात्याने आपल्या घरात या कामाची वाटणी कशी केली आहे, ते पाहू. शत्रूकडूनही विद्या घ्यावी म्हणतात. मग ज्यांच्याशी आपला व्यवहार आहे त्यांच्याकडून घेण्यास संकोच कसला?

अमेरिकेचा माहिती स्वातंत्र्याचा कायदा १९६६ साली झाला. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचा विरोध डावलून त्याला दात बसविण्यात आले. या कायद्याखाली लष्कर, नौदल व हवाईदल ही तिन्ही खाती आपापले अर्ज आपणच हाताळतात. नौदलात एवढी जहाजे, एवढे तळ, एवढी कार्यालये, की सारे अर्ज एका मेजावर आणणे शक्यच नाही. म्हणून त्यांनी एक युक्ती केली आहे. ज्या कार्यालयाकडे कागद आहे, त्याला तो देण्याची मुभा आहे. मात्र नाकारण्याचा अधिकार त्याला नाही. नाकारावयाचे असेल तर प्रकरण वरच्या, नेमून दिलेल्या अधिकाऱ्याकडे पाठविले पाहिजे. त्यानेही नाकारले तर अपील विषयाप्रमाणे नौदलाच्या जज्ज अॅडव्होकेट जनरलकडे किंवा जनरल कौन्सिलकडे, आणि तेथेही न्याय मिळाला नाही तर कोर्ट.

वाचकांनी या व्यवस्थेचा मथितार्थ ध्यानात घ्यावा. "हो" म्हणण्याचा अधिकार खालच्या पायरीवर, "नाही" म्हणण्याचा वरच्या पायरीवर. आपल्याकडे बहुधा उलटे चालते. खिडकीवरचा कोणीही शिपाई "नाही" म्हणू शकतो. "हो" म्हणावयास मात्र मंत्र्याची सही लागते.

त्या कायद्यातले दुसरे कलम आम्हांस त्याहून आवडते. अर्ज नाकारला तर नकाराच्या पत्रात, तो ज्यांनी नाकारला त्यांची नावे आणि हुद्दे लिहिलेच पाहिजेत. "खात्याने निर्णय घेतला आहे" एवढे पुरत नाही. खाते म्हणजे कोण? खात्याला हात नसतात, सही करणाऱ्याला असतात. आपले नाव खाली येणार हे माहीत असले की माणूस कागद एकदा तरी वाचून पाहतो.

तिसरी तरतूद दिवसांची. उत्तराला वीस कामाचे दिवस. पण अर्ज चुकीच्या मेजावर पडला तर? २००७ च्या दुरुस्तीने त्याचीही सोय केली. खात्याने अर्ज घेण्यासाठी नेमलेल्या कोणत्याही कचेरीत अर्ज पोचला, तरी जास्तीत जास्त दहा दिवसांनी घड्याळ चालू होते. मधला प्रवास हे खात्याचे काम, अर्जदाराचे नव्हे. त्याच दुरुस्तीने प्रत्येक खात्यावर या कामासाठी एक मुख्य अधिकारी आणि अर्जदाराला साहाय्य करणारे संपर्क अधिकारी नेमण्याचे बंधन घातले. आणि हा कायदा "कोणत्याही व्यक्तीला" खुला आहे. म्हणजे कात्र-बोर्नचा किंवा काश्काव्हेलचा आपला माणूसही अमेरिकन नौदलाला अर्ज करू शकतो.

तेथे सारे आलबेल आहे, असे आम्ही म्हणत नाही. वीस दिवसांच्या उत्तराला वर्षे लागतात. तळावरच्या अधिकाऱ्याला हे काम पुष्कळदा आपले मुख्य काम सांभाळून जादा म्हणून करावे लागते, आणि जादा काम शेवटी मागे पडते. पण जबाबदारी नेमलेली असल्यामुळे भांडावयाला जागा तरी राहते. वॉशिंग्टन राज्यातील इंडियन आयलंड येथे नौदलाचे दारूगोळ्याचे कोठार आहे. मिलनर नावाच्या एका नागरिकाने, तेथे स्फोट झाला तर धोका किती दूरवर पोचेल हे दाखविणारे नकाशे मागितले. नौदलाने एका विशिष्ट कलमाखाली नकार दिला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि २०११ मध्ये आठ विरुद्ध एक अशा मतांनी कोर्टाने सांगितले की ते कलम नोकरवर्गाच्या अंतर्गत बाबींपुरते आहे, नकाशांना लागू नाही. दुसरे कलम लागू होते काय, हा प्रश्न कोर्टाने मोकळा ठेवला. निकाल कोणाच्या बाजूने लागला यापेक्षा आम्हांस हे महत्त्वाचे वाटते की, नकार लेखी होता, त्यावर कलम होते, म्हणून तो तपासता आला. न बोललेला नकार कोणते कोर्ट तपासणार?

आपल्या पूर्वजांच्या देशाकडे वळू. महाराष्ट्रात या कायद्यासाठी राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केले. हे गृहस्थ स्वतः भारतीय सैन्यात वाहनचालक होते, हे येथे मुद्दाम सांगण्याजोगे आहे. पुढे २००५ चा केंद्रीय कायदा आला. त्यात प्रत्येक कचेरीत माहिती अधिकारी नेमणे सक्तीचे आहे. अर्ज दुसऱ्या खात्याचा निघाला तर पाच दिवसांत तो तिकडे पाठविला पाहिजे. उत्तर तीस दिवसांत. विनाकारण उशीर केला तर दिवसाला २५० रुपये दंड, २५,००० पर्यंत, आणि तोही अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून. माहिती अधिकाऱ्याने ज्या सहकाऱ्याची मदत मागितली तो सहकारी अडवून बसला, तर त्यालाही माहिती अधिकारीच समजावे, असे कायदा म्हणतो. टोलवाटोलवीचे मूळच उपटले. गुप्तहेर खाती आणि सीमा सुरक्षा दल यांना कायद्याने सूट दिली आहे. पण भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या तक्रारींपुरती तीही सूट नाही. सेना, नौदल आणि हवाईदल मात्र त्या सूट-यादीत नाहीत. एवढ्या मोठ्या फौजेचा देश जर आपल्या सैन्याला अर्ज घ्यावयास लावतो, तर इतरांनी बाऊ कशाला करावा? येथे एक सूचना: तो हक्क कायद्याने भारताच्या नागरिकांना दिला आहे. आपण बेटवासी तेथे पाहुणे आहोत. आपल्या हक्काची मागणी आपल्या घरीच केली पाहिजे.

आणि घरची स्थिती काय? आपल्या देशाला सैन्य नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. पण स्पेशल मोबाइल फोर्स आहे, नॅशनल कोस्ट गार्ड आहे, आणि दोन्ही पोलीस कमिशनरच्या हाताखाली आहेत. या दलांच्या नोंदी म्हणजे काय चीज असते, हे २५ जुलै २०२० ला वाकाशियो जहाज पॉइंट देस्नीच्या प्रवाळावर चढले तेव्हा साऱ्या देशाला कळले. जहाज किनाऱ्याकडे येताना कोणी पाहिले, कोणी संदेश पाठविला, किती वाजता, उत्तर आले काय, हे प्रश्न माहेबूरचा कोळी विचारत होता. तेल त्याच्या खाडीत आले होते, आणि ऊसाच्या चिपाडाचे बांध शिवून घालणारे हात त्याच्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांचे होते. त्याने अर्ज द्यावयाचा तर कोणत्या दारात?

कोणी म्हणेल, "अहो, देशाच्या संरक्षणाची गुपिते रस्त्यावर मांडावयाची काय?" आक्षेप खोटा नाही. गस्तीची वेळापत्रके, शस्त्रांच्या जागा, माणसांच्या जिवाला धोका होईल असे कागद झाकलेच पाहिजेत. वर सांगितलेल्या प्रत्येक देशाच्या कायद्यात त्यासाठी कलमे आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, झाकणाऱ्याने झाकतो म्हणून सांगावे, कोणत्या कलमाने ते लिहावे आणि खाली आपले नाव घालावे. गुपित राखणे हे कर्तव्य आहे. उत्तर न देणे हे कर्तव्य नव्हे.

माहितीच्या कायद्याचे आश्वासन निवडणुकांमागून निवडणुकांत ऐकून आपले कान पिकले आहेत. कायदा कोणत्याही पक्षाच्या हातून येवो, तो चांगला आहे की नाही हे वाचकांनी चार गोष्टींवरून ताडावे, असे आम्ही सुचवितो. प्रत्येक दलात अर्ज घेणारा अधिकारी हुद्द्याने नेमलेला असावा आणि तो हुद्दा प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावलेला असावा. चुकीच्या खिडकीवर आलेला अर्ज पुढे पाठविणे हे खिडकीचे काम असावे. नकार वरिष्ठानेच, लेखी, कलमासह आणि नावासह द्यावा. आणि अपील त्या दलाच्या बाहेरील माणसाकडे असावे, कारण कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कुंपणाकडे मागून उपयोग नाही. यांतले एक जरी गळाले, तरी कायद्याचे पुस्तक शोभेचे होईल.

आपल्या पणज्यांना एका क्रमांकाने या बेटावर उतरवून घेतले गेले. त्यांची नोंद घेणारा कारकून परका होता, सरकार परके होते. तरीही शंभर-दीडशे वर्षांनी त्यांच्या पणतवाला ती नोंद एका खिडकीवर मिळते. आज सरकार आपले आहे, अधिकारी आपलीच मुले आहेत. परक्यांच्या रजिस्टरात जेवढे सापडते, तेवढे तरी आपल्या माणसांच्या दप्तरात सापडावे, एवढी मागणी करणे हा काही उद्धटपणा नाही. छागोसच्या म्हाताऱ्या आज्या एकेक करून डोळे मिटत आहेत. त्यांच्या प्रश्नांची उत्तरे कोणत्या कपाटात आहेत हे सांगणारा एक माणूस, नाव-हुद्द्यासकट, त्यांच्या हयातीत पुढे यावा.