कॅमेरा कुणाकडे वळवलाय?

विद्यापीठात कॅमेऱ्यांची टंचाई आहे, असं मला सलग पाच महिने सांगण्यात आलं.

मी महाराष्ट्राबाहेरच्या एका केंद्रीय विद्यापीठात समाजशास्त्रात पीएचडी करते. विषय आहे नामांतर आंदोलन आणि बायांच्या आठवणी. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या गावोगावच्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. त्या आगीतून लेकरं काखेत मारून पळालेल्या बाया आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचं बोलणं आवाजासकट, चेहऱ्यासकट नीट नोंदवावं म्हणून मी विद्यापीठाच्या दृक्‌श्राव्य केंद्राकडे एक कॅमेरा, एक ट्रायपॉड आणि दोन कॉलर माइक मागितले. फक्त दहा दिवसांसाठी.

अर्जावर विभागप्रमुखांची सही झाली. मग विचारणा आली की हा केंद्राचा कार्यक्रम आहे का. नाही. मान्यताप्राप्त प्रकल्प आहे का? नाही, माझा प्रबंध आहे. मग अनामत रक्कम भरा. ती माझ्या महिन्याच्या फेलोशिपपेक्षा जास्त होती आणि फेलोशिप चार महिने आलेलीच नव्हती. मग हमीदार प्राध्यापक आणा. तो आणला, तर कॅमेरा 'आधीच बुक' होता. याच काळात परिसरात शास्त्रीय संगीत महोत्सव झाला. तीन दिवस, तीन कोनांतून, तीन कॅमेरे लावून त्याचं चित्रीकरण झालं. टंचाई तिथं नव्हती.

परवानगी पाचव्या महिन्यात आली. तोवर माझ्या यादीतल्या दोन आज्या वारल्या होत्या. त्यातल्या एकीशी मी आधी मोबाइलवर बोलून घेतलं होतं. बाविसाव्या मिनिटाला मोबाइलची मेमरी भरली. घर कसं पेटवलं ते सांगता सांगता आजीचं वाक्य अर्ध्यात तुटलंय, आणि त्यावर पंख्याची घरघर आहे. दुसऱ्या आजीचं तेवढंही नाही.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. विद्यापीठातलं यंत्र कुणाच्या ताब्यात आहे, ते कुणासाठी चालतं आणि कुणासाठी बंद पडतं, हा ज्ञाननिर्मितीचा प्रश्न आहे. म्हणजेच जातीचा प्रश्न आहे.

मुळात ही यंत्रसामग्री आली कुठून? १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला. लहान गावातल्या, साध्या महाविद्यालयातल्या पोरांपर्यंत चांगलं शिक्षण पोहोचवायचं, हे त्यामागचं वचन होतं. त्यासाठी पुणे, अहमदाबाद, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणच्या विद्यापीठांत दृक्‌श्राव्य केंद्रं उभी राहिली. १९९३ मध्ये त्यांच्या समन्वयासाठी शैक्षणिक संप्रेषण संकाय ही संस्था झाली, पुढे 'व्यास' वाहिनी आली, २०१७ पासून 'स्वयं' आणि 'स्वयंप्रभा' आले. तंत्रशिक्षणाच्या एका वाहिनीला तर 'एकलव्य' असं नाव दिलं गेलं. ज्याला गुरूने दारात उभं केलं नाही आणि वर अंगठा मागितला, त्याचं नाव दूरशिक्षणाला देताना कुणालाच काही खटकलं नाही. दूर बसून शिका, पण आत येऊ नका, हा एकलव्याचा किस्सा इतका चपखल बसतो की हसावं की रडावं कळत नाही.

हा सगळा पैसा जनतेचा आहे. काडेपेटीपासून सिमेंटच्या गोणीपर्यंत कर भरणाऱ्या माझ्या आईचाही आहे. वचन आपल्यासाठी दिलं गेलं, पण पडद्यावर आपण कुठं आहोत? समोर बसून शिकवणारा 'विषयतज्ज्ञ' प्राध्यापकांतून निवडला जातो. प्राध्यापकांच्या राखीव जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात किंवा 'योग्य उमेदवार सापडला नाही' या शेऱ्याखाली गाडल्या जातात. मग तज्ज्ञ कोण ठरणार? ज्या वर्गात आपण नाही, त्या वर्गाचं चित्रीकरण करून ते देशभर दाखवलं जातं. वगळणूक तीच असते, फक्त तिचं प्रक्षेपण होतं.

आणि कॅमेऱ्यामागे? मी पाहिलेल्या दोन्ही विद्यापीठांत केबल गुंडाळणारे, लाइट उचलणारे, सेट झाडणारे हात आपले होते आणि बहुतेक कंत्राटी होते. निर्माता, दिग्दर्शक, संचालक या पाट्यांवरची आडनावं मी इथं लिहीत नाही. तुम्ही आपापल्या विद्यापीठातल्या पाट्या वाचा.

एमएला असताना एका विद्यापीठाच्या स्टुडिओत मराठी शैक्षणिक कार्यक्रमासाठी निवेदक हवे होते. मी आवाजाची चाचणी द्यायला गेले. माइकसमोर मी 'पानी' म्हणाले. काचेपलीकडून सूचना आली, "शुद्ध बोला." मी पुन्हा म्हणाले, पुन्हा 'पानी'च आलं. विषय होता दुष्काळ आणि पाणीटंचाई. ज्या घरात डोक्यावर हंडे घेऊन चार-चार किलोमीटर पाणी आणलं जातं, त्या घरातल्या पोरीला पाण्यावर बोलता येत नाही, कारण तिचा 'ण' नीट लागत नाही! निवड झाली ती मुलगी छान बोलली, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कार्यक्रम कुणासाठी होता? गावातल्या विद्यार्थ्यांसाठी. त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं तर ते अशुद्ध कसं होतं? प्रमाणभाषा स्पष्टपणासाठी आहे असं म्हणतात. 'पानी' कुणाला समजलं नाही, असा माणूस मला अजून भेटायचाय.

उच्चारानंतर येतो उजेड. केंद्रीय विद्यापीठात एका ऑनलाइन अभ्यासक्रमात पाच मिनिटं बोलण्यासाठी मला बसवलं गेलं. मागे पांढरा पडदा. मॉनिटरवर पाहिलं तर माझ्या चेहऱ्याच्या जागी काळा डाग. आधीच्या वक्त्यासाठी लावलेले दिवे तसेच होते. मला सांगण्यात आलं, "मेकअप करून या."

माझा दादा लग्नाच्या शूटिंगमध्ये हॅलोजन धरायचा. दहावीनंतर शिकणं थांबलं आणि सात वर्षं त्याने नवरा-नवरीच्या तोंडावर दिवा धरला. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मेकअपचा काय संबंध? पांढऱ्या पडद्याने कॅमेरा फसतो. त्याला वाटतं उजेड लई झाला, म्हणून तो डोळा बारीक करतो. पडदा बदला, नाहीतर हातानं उघडा. दिवा थेट मारू नका, चादरीवर मारून परतवा." स्वयंचलित एक्सपोजर असंच चालतं. समोरच्या चित्राची सरासरी काढून ते सगळ्याला मधल्या करड्या रंगाकडे ओढतं. हे लग्नातल्या हॅलोजनवाल्याला ठाऊक होतं. स्टुडिओत त्याचा विचार करायची गरज कुणाला वाटली नव्हती, कारण त्या खुर्चीत बसणारे चेहरे आजवर ठरलेले होते.

तंत्रज्ञान निष्पक्ष असतं, असं आपल्याला शिकवलं जातं. ते खोटं आहे. कोडॅकच्या काळात फोटोंचे रंग जुळवायला प्रयोगशाळांना जे कार्ड दिलं जाई, त्यावर गोरी बाई असे. तिला 'शर्ली' म्हणत. काळ्या माणसांचे चेहरे फिल्मवर नीट उमटत नसत आणि कंपनीने बदल केला तो मुख्यतः चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांच्या तक्रारींनंतर. म्हणजे चॉकलेटच्या रंगाला जो न्याय मिळाला, तो माणसाच्या कातडीला मिळाला नव्हता. आपल्याकडे तर वर्ण हा शब्दच व्यवस्थेच्या नावात आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येते. विद्यापीठात कॅमेरे कमी नाहीतच. फाटकावर आहेत, वसतिगृहाच्या जिन्यात आहेत, आम्ही निदर्शनाला बसतो त्या झाडासमोर तर दोन आहेत. आमचं उठणं-बसणं चोवीस तास चित्रित होतं. दीक्षान्त समारंभात कुलगुरूंच्या टोपीवर कॅमेरा असतो. कॅमेरा नसतो तो एकाच खोलीत, जिथं पीएचडी प्रवेशाची तोंडी परीक्षा होते.

त्या खोलीत काय घडतं ते तुम्हाला सांगायला नको. आडनाव विचारून झाल्यावर बदलणारा सूर, 'इंग्रजी कच्चं आहे' म्हणून घेतलेला श्वास, लेखीत वर असलेल्या पोराचे तोंडीत कोसळलेले गुण. ही आपली कल्पना नाही. एम्समधल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीपुढे २००७ मध्येच दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षांतल्या वागणुकीबद्दल सांगितलं होतं. जेएनयूमध्ये प्रा. अब्दुल नाफे यांच्या समितीने २०१६ मध्ये लेखी आणि तोंडी गुणांतली तफावत पाहून भेदभावाकडे बोट दाखवलं आणि तोंडी परीक्षेचे गुण ३० वरून १५ वर आणावेत असं सुचवलं. तरी आजही पुरावा मागितला जातो तो विद्यार्थ्याकडेच. "तुला तसं वाटलं असेल," हे वाक्य प्रत्येक तक्रार समितीत तयार असतं. पुरावा निर्माण करणारं यंत्र ज्यांच्या कपाटात कुलूपबंद आहे, तेच आपल्याकडे पुरावा मागतात.

म्हणतील, चित्रीकरणाने विद्यार्थी बिचकेल, खासगीपणा जाईल. विद्यार्थी त्या खोलीत आजही बिचकतोच, आणि त्याला बिचकवणारा कॅमेरा नसतो. चेहरा नको असेल तर नुसता आवाज नोंदवा. ती नोंद उमेदवार आणि तक्रार समिती यांच्याशिवाय कुणालाही मिळू नये, ठरावीक मुदतीनंतर पुसली जावी. यात अवघड काय आहे? कोविडच्या काळात सगळ्या तोंडी परीक्षा व्हिडिओ कॉलवर झाल्या. नोंदणीचं बटण पडद्याच्या कोपऱ्यात होतं, एक बोट लावायचं होतं. माझ्या विभागात ते कुणी लावलं नाही.

आपल्यातलेच काही मित्र म्हणतात, सोड त्यांचा कॅमेरा, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे हे खरं. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाला तो दुसऱ्यांच्या छापखान्यांत आपल्याला जागा नव्हती म्हणून. १९५६ च्या डिसेंबरात बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचं चित्रीकरण नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून केलं, म्हणून तो जनसागर आज आपल्याला दिसतो. हैदराबादेत २०११ मध्ये एका दलित संशोधक विद्यार्थ्याने 'दलित कॅमेरा' सुरू केला. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त शेवटी जब्या भिरकावतो तो दगड थेट कॅमेऱ्यावर, आपल्या सगळ्यांवर येतो. साधन नाही म्हणून आपण कधी गप्प बसलो नाही.

पण स्वाभिमान आणि हक्क सोडणं यांत फरक आहे. खिशातला मोबाइल दूरचा आवाज नीट धरत नाही, त्याची मेमरी बाविसाव्या मिनिटाला भरते. जे आपण चढवतो ते कंपनीच्या मालकीच्या जागेवर राहतं आणि चार तक्रारी झाल्या की एका रात्रीत गायब होऊ शकतं. विद्यापीठाकडे स्टुडिओ आहे, संकलनाची यंत्रं आहेत, साठवणूक आहे आणि पन्नास वर्षांनीही संदर्भ देता येईल असा अभिलेख क्रमांक आहे. त्यावरचा दावा सोडून देणं म्हणजे चवदार तळं त्यांना ठेवून आपण बोअर मारण्यासारखं आहे. बोअर मारूच, पण तळ्यावरचा हक्क का सोडायचा?

आणि एक आपल्याबद्दलही. आपले मोबाइल १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेवर आणि मंचावरच्या पुढाऱ्यांवर रोखलेले असतात. मंचाखाली बसलेल्या, लाँग मार्चला भाकरी बांधून दिलेल्या बायांकडे ते वळत नाहीत. कॅमेरा कुणाकडे वळवलाय, हा प्रश्न आपल्या घरातही विचारावा लागेल.

मागण्या साध्या आहेत. दृक्‌श्राव्य केंद्राची साधनं कुणाला, कधी, किती दिवस दिली, त्याची नोंदवही सर्वांसाठी खुली करा. संशोधक विद्यार्थ्यांची अनामत रद्द करा, ओळखपत्र पुरेसं आहे. आजवरच्या कार्यक्रमांतल्या तज्ज्ञांची सामाजिक प्रवर्गनिहाय आकडेवारी जाहीर करा. निवेदनाच्या चाचणीतून 'शुद्ध' हा शब्द काढा. कंत्राटी तंत्रज्ञांच्या जागा आरक्षणासह कायम भरा. आणि तोंडी परीक्षेची नोंद ठेवा.

तुमच्या विद्यापीठातही असं केंद्र असेल. या आठवड्यात तिथं जा, कॅमेऱ्यासाठी लेखी अर्ज करा, पोच घ्या. नकार आला तर तोही लेखी घ्या आणि माहिती अधिकारात नोंदवही मागा. एकट्याचा अर्ज फाइलीत दबतो, पन्नास अर्ज दबत नाहीत.

माझ्या यादीत अजून अकरा आज्या आहेत. त्यांचं वाक्य अर्ध्यात तुटू नये, एवढंच.

जय भीम.