भरताचं वांगं आणि हिरवा चहा

दोस्तांनो, गेल्या आठवड्यात धुळ्याहून एका आठवीतल्या मैत्रिणीचं पत्र आलं. पत्र छोटंसंच, पण प्रश्न मात्र मोठा झकास! ती लिहिते, "आमची आजी अंगणातली पात खुडून 'हिरवा चहा' करते. पुण्याचे मामा सुट्टीत आले की दोऱ्याची पुडी गरम पाण्यात बुडवतात. त्यालाही ते हिरवा चहाच म्हणतात. आजी म्हणते, माझा खरा. मामा म्हणतात, माझा खरा. मग दोघांत खरा कोणाचा? आणि मी कोणता पिऊ?"

वा! खटला मोठा अवघड आहे. एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला मामा! कोणाच्याही विरुद्ध निकाल दिला तरी आपल्याला चहा मिळणार नाही. तेव्हा आधी साक्षीपुरावे पाहू. आणि पहिला साक्षीदार बोलावू तो आपल्या खानदेशातलाच. तो म्हणजे भरताचं वांगं!

हसू नका. वांगं आणि चहा यांचं नातं आत्ता कळेल तुम्हाला.

जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यातल्या बामणोदची भरताची वांगी प्रसिद्ध आहेत. हिवाळ्यात शेतात कपाशीच्या काड्या पेटवायच्या, हिरवीगार लांबट वांगी त्यावर भाजायची, सोलून ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर ताव मारायचा! आता नीट आठवा. भाजलेलं वांगं सोललं की आतला गर कसा दिसतो? फिकट हिरवा. आणि कच्चं वांगं चिरून पाण्याबाहेर ठेवलं तर? पाच-दहा मिनिटांत तपकिरी! म्हणूनच आई चिरलेल्या फोडी पटकन पाण्यात टाकते.

असं का होतं? वांग्याच्या पेशींत एक विकर असतं. विकर म्हणजे सजीवांच्या शरीरातली रासायनिक कामं भराभर उरकणारा पदार्थ. चिरल्यावर पेशी फुटतात, विकर मोकळं होतं, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि गर तपकिरी पडू लागतो. पण हे विकर उष्णतेपुढे टिकत नाही. अख्खं वांगं भाजलं की ते निकामी होतं. मग रंग बदलायला कोणी उरतच नाही!

चहाचंही अगदी हेच आहे. हिरवा चहा आणि आपला नेहमीचा काळा चहा ही दोन वेगळी झाडं नाहीत, बरं का! दोन्ही एकाच झाडाच्या पानांपासून होतात. त्याचं शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. पानं खुडली, सुकवली, चिरडली आणि हवेत ठेवली की ती चिरलेल्या वांग्यासारखी तपकिरी होतात. हा झाला काळा चहा. आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यात असते ती गोळीदार चहापूड अशीच तयार होते. पण खुडल्यावर लवकरच पानांना वाफ दिली किंवा कढईत परतलं, तर विकर निकामी होतं आणि पान हिरवं राहतं. जपानात बहुधा वाफ देतात, चीनमध्ये बहुधा कढईत परततात. म्हणजे काळा चहा हे चिरलेलं वांगं आणि हिरवा चहा हे भरीत! कळलं?

हे झाड आपल्या खानदेशात मात्र दिसत नाही. त्याला भरपूर पाऊस, दमट हवा आणि आम्लधर्मी माती लागते. आपली कपाशीची काळी माती आणि मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन त्याला कसं मानवणार? त्याची घरं आसाम, दार्जिलिंग, निलगिरी आणि हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात. मामांच्या पुडीतली पानं अशाच एखाद्या डोंगरउतारावरून आलेली असतात.

आता आजीची बाजू. आजी अंगणातून आणते तो गवती चहा. नावात चहा आहे, पण त्याचा चहाच्या झाडाशी काडीचाही संबंध नाही! ते एक गवत आहे. मोरीच्या पाण्यावर त्याचं बेट झकास वाढतं. पात खुडताना बोट जरा जपा, तिच्या कडा धारदार असतात. पात चुरगळली की लिंबासारखा वास येतो ना? तो सिट्रल नावाच्या पदार्थाचा. लिंबाच्या सालीतही थोडा सिट्रल असतोच. आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की गवती चहात कॅफीन नसतं. कॅफीन म्हणजे झोप पळवणारा पदार्थ. तो मामांच्या हिरव्या चहात असतो.

म्हणजे निकाल काय? दोघांचीही नावं खरी, पण वस्तू वेगळ्या. खटला बरखास्त!

आता पुढचा प्रश्न. मामांच्या चहाचा एवढा गाजावाजा का?

त्यासाठी जपानला जाऊ. तिथे १८८८ साली मिचियो त्सुजिमुरा नावाची मुलगी जन्मली. मोठी झाल्यावर तिला संशोधन करायचं होतं. पण होक्काइडोच्या विद्यापीठात तेव्हा मुलींना प्रवेशच नव्हता! मग १९२० साली तिने तिथल्या प्रयोगशाळेत बिनपगारी मदतनीस म्हणून काम सुरू केलं. पुढे टोकियोत तिने हिरव्या चहाचा अभ्यास केला. १९२४ साली तिने आणि तिच्या सहकाऱ्याने हिरव्या चहात क जीवनसत्त्व असल्याचं दाखवलं. १९२९ साली तिने त्यातून कॅटेचिन नावाचा तुरट पदार्थ वेगळा केला. १९३२ साली कृषिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारी ती जपानमधली पहिली स्त्री ठरली. बिनपगारी मदतनिसापासून डॉक्टरेटपर्यंत! मुलींनो, हे नाव वहीत लिहून ठेवा.

या कॅटेचिनांमुळेच हिरव्या चहाला आरोग्याचा मान मिळाला. जपानमधल्या ओसाकी भागात ४०,५३० प्रौढ माणसांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. सात वर्षांच्या काळात, रोज पाच किंवा जास्त कप हिरवा चहा पिणाऱ्यांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी दिसले. कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र असा फरक दिसला नाही.

आता थांबा. लगेच पाच कप पिऊ नका! विज्ञानाचा विद्यार्थी आधी शंका विचारतो. ही किमया चहाचीच कशावरून? हिरवा चहा पिणारी माणसं कदाचित जास्त चालत असतील, त्यांचं जेवणही वेगळं असेल. संशोधक असे फरक हिशेबात धरतात, तरी पाहणीवरून शंभर टक्के खात्री देता येत नाही. म्हणून "हिरवा चहा प्या आणि रोग पळवा" असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका. "हिरवा चहा प्या आणि बारीक व्हा" हेही तसंच. वजनावर त्याचा परिणाम अगदी किरकोळ. आणि हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्यांच्या वाटेला तर जाऊच नका. जास्त मात्रेत त्या यकृताला अपाय करू शकतात, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली दिला आहे. कपातला चहा वेगळा आणि गोळीतला अर्क वेगळा!

मग हिरव्या चहाचा रोजच्या जगण्यात सरळ फायदा कोणता? माझं मत विचाराल तर, त्यात जे नसतं तोच! त्यात साखर नसते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. म्हणजे साधारण सहा चहाचे चमचे. तीन वेळा गोडमिट्ट चहा घेणाऱ्याचा हा कोटा कपबशीतच संपतो. मग बिस्किटं आणि जिलेबी कुठल्या खात्यात टाकायची?

आता सगळ्यांत महत्त्वाचं. ही गोष्ट आई-बाबांनाही वाचून दाखवा.

तुमच्यापैकी किती जण सकाळी चहा-पोळी किंवा चहा-टोस्ट खाऊन शाळेत जातात? हात वर करा. बापरे, केवढे हात! आता एक प्रयोग करू. मोठं माणूस जवळ हवं. काचेच्या भांड्यात दोन-तीन चमचे व्हिनेगर घ्या. त्यात एक साधा लोखंडी खिळा रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी दुसऱ्या ग्लासात बिनदुधाचा कडक चहा घ्या आणि त्यात ते व्हिनेगर चमचाभर घाला. काय होतं? चहा शाईसारखा काळा पडतो! (हा प्रयोग प्यायचा नाही, मोरीत ओतायचा.)

शाईसारखा म्हणालो ते उगाच नाही. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करत. हिरड्यात तुरट पदार्थ, हिराकशीत लोह. तुरट पदार्थ आणि लोह भेटले की एकमेकांना घट्ट धरतात आणि काळे पडतात. कच्च्या केळ्याची भाजी चिरताना लोखंडी विळीचं पातं काळवंडतं ना? त्यातही याच जोडीचा हात असतो. जळगावच्या घरांत हे कोणाला सांगायला नको!

तुमच्या पोटातही असंच घडतं. बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, मेथीची भाजी यांत लोह असतं. त्याच्याबरोबर चहा प्यायला, की चहातले तुरट पदार्थ लोहाला धरून बसतात. मग त्यातलं बरंचसं लोह रक्तापर्यंत पोचतच नाही. चहा काळा असो की हिरवा, दोघांची ही खोड सारखीच.

आणि लोह आपल्याला किती हवं आहे पाहा. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी सुमारे ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. मुलग्यांत हा आकडा सुमारे ३१ होता. जिना चढताना धाप लागते, वर्गात डोळे मिटतात, पाठांतर होत नाही. आपण म्हणतो, पोरगी आळशी आहे. ती आळशी नसेलही, तिच्या रक्तात लोह कमी असेल! रक्तक्षयाला कारणं अनेक आहेत, सगळा दोष चहाचा नव्हे. थकवा फार असेल तर डॉक्टरांनाच दाखवायला हवं. पण चहाची वेळ बदलणं आपल्या हातात आहे आणि त्याला पैसाही लागत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यात सांगितलं आहे, की जेवणाआधी निदान एक तास आणि जेवणानंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळा. शाळेत लोहाची निळी गोळी मिळते, तीही चहाबरोबर घेऊ नका. उलट जेवताना भाजीवर लिंबू पिळा. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. म्हणजे जेवताना लिंबू मित्र आणि चहा पाहुणा. पाहुण्याने जेवणं आटोपल्यावर तासाभराने यावं!

तर आता धुळ्याच्या मैत्रिणीला उत्तर. तू आजीचा चहा पी. दोन-तीन पाती धुऊन कातर, आल्याचा तुकडा ठेच, पाण्यात पाच मिनिटं उकळ आणि गाळून घे. हवा तर गुळाचा छोटा खडा टाक. लहान भावंडांनाही हा चालेल. उन्हाळ्यात तोच गार करून त्यात लिंबू पिळ. शाळेतून तापून आल्यावर काय मजा येते म्हणून सांगू! सर्दीत गरम प्यायलं की घशाला बरं वाटतं, पण ते औषध मात्र नव्हे हं.

आणि मामांचा चहा? तो थोडी मोठी झालीस की आई-बाबांना विचारून, दुपारी, अर्धा कप. संध्याकाळनंतर नको, झोप उडेल. तो करण्याचीही रीत आहे. पुष्कळ जण पानं खळखळ उकळतात आणि मग म्हणतात, "शी, कडू!" अरे, पण दोष तुमच्या आधणाचा! पाण्याला उकळी आली की गॅस बंद करा. तीन-चार मिनिटं थांबा. मग पानं टाका, झाका आणि दोन मिनिटांत गाळा. पोपटी-पिवळसर रंग येतो. पहिल्या घोटाला वाटेल, हे काय गवताचं पाणी! दुसऱ्या घोटाला किंचित तुरटी कळेल आणि तिसऱ्याला तिच्यामागून येणारी बारीकशी गोडी. साखरेची सवय सुटली की जीभ अशा बारीक गोष्टी ओळखायला लागते.

मग या रविवारी एक बैठक भरवा. एका कपात आजीचा हिरवा चहा, दुसऱ्यात मामांचा. मोठ्यांना दोन्ही चाखायला द्या आणि काळा चहा, हिरवा चहा, भरताचं वांगं ही गोष्ट तुम्हीच समजावून सांगा. बैठक जेवणानंतर लगेच नको, एक तास मध्ये जाऊ द्या. कोणी विचारलं का, तर खिळ्याचा ग्लास पुढे करा!

प्रयोग जमला का ते कळवा. वाट पाहतो. भेटू पुढच्या आठवड्यात!