मृतांची मोजदाद कोणी करावयाची?

दिनांक २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीस गळती लागली आणि त्या एका दिवसात २२ रुग्ण तडफडून मेले. हा आकडा देशभर गेला, कारण ते मरण एका इमारतीत, एका वेळी व सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले. परंतु त्याच दिवसांत रुग्णालयात खाट न मिळता जे आपापल्या खोलीत, झोपडीत गेले, त्यांची गणती कोणत्या कागदावर आहे, हा प्रश्न, वाचकहो, आज आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत.

साथीच्या काळात सरकार रोज जो आकडा सांगे, तो प्रामुख्याने तपासणी होऊन रोग ठरलेल्या मृतांचा असे. ज्याची तपासणीच झाली नाही, तो सरकारदप्तरी त्या रोगाने मेलाच नाही! यावर जगाने फार पूर्वी साधा उपाय काढला आहे. सतराव्या शतकात लंडन शहरात प्लेगच्या धास्तीने दर आठवड्यास मृतांची यादी छापली जाई. आठवड्यात एकंदर माणसे किती मेली ते मोजावे व मागील वर्षांच्या त्याच आठवड्यांशी ताडून पाहावे. जी वाढ दिसेल तीवरून साथीने घेतलेल्या बळींचा अंदाज येतो. त्यास रोगाचे नाव लागत नाही की डॉक्टरचा दाखला लागत नाही. प्रत्येक मरणाची नोंद मात्र वेळेवर व्हावी लागते. इंग्लंड व दक्षिण आफ्रिका या देशांत या साथीमध्ये असे साप्ताहिक आकडे जनतेपुढे येत होते.

आपल्याकडे देशाचा २०२१ सालचा नोंदणी अहवाल मे २०२५ मध्ये बाहेर आला. त्याप्रमाणे २०२० साली सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले होते, ते २०२१ साली १ कोटी २ लाखांवर गेले. एका वर्षात २१ लाखांची वाढ. आणि २०२१ अखेर कोरोनाच्या बळींचा दोन्ही वर्षांचा मिळून सरकारी आकडा ४ लाख ८१ हजार! नोंदणी सुधारली म्हणजे नोंदी वाढतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण एका वर्षात इतक्या वाढतात, यावर कोणाचा विश्वास बसेल? जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये ४७ लाख जादा मृत्यूंचा अंदाज सांगितला, तो सरकारने अमान्य केला. त्या वेळी २०२१ ची स्वतःची वही मात्र मिटलेली होती.

मोजणीचा हा झगडा आपणांस नवा नाही. १९३२ साली लोथियन मताधिकार समितीपुढे अस्पृश्यांची संख्या कमी दाखविण्याचा खटाटोप झाला, तेव्हा समितीचे सभासद असलेल्या बाबासाहेबांनी आपले स्वतंत्र टिपण सादर केले. संख्या बुडाली की हक्क बुडतो, हे ते पुरते जाणून होते.

येथेही तेच घडले. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जून २०२१ च्या निकालानंतर मृताच्या वारसांस ५० हजार रुपयांचे साहाय्य ठरले, व दाखल्यावर कोरोनाचा उल्लेख नाही एवढ्याच कारणावरून ते नाकारू नये, असेही न्यायालयाने बजावले. महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक अर्ज आले. त्या वेळी राज्याचा मृतांचा आकडा दीड लाखाच्याही आत होता. काही अर्ज खोटे वा दुबार असतील. तथापि ज्यांच्यापाशी अर्जास जोडावयास कागदच नव्हता, ते या दोन्ही आकड्यांच्या बाहेर राहिले. ते कोणत्या वस्तीतले, हे आम्ही सांगावयास पाहिजे काय?

म्हणून बौद्ध बांधवभगिनींनी एक गोष्ट पक्की ध्यानी धरावी. घरी मृत्यू झाल्यास २१ दिवसांत निबंधकास खबर देणे हे कुटुंबप्रमुखाचे कर्तव्य आहे आणि नोंदीचा उतारा विनामूल्य मिळणे हा त्याचा हक्क आहे. मुदत टळली तरी दार बंद होत नाही. वर्ष उलटून गेल्यास, २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणे, जिल्हा वा उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने नोंद करून घेता येते. खबरीच्या नमुन्यात धर्माचा रकाना असतो. तेथे कारकून सवयीने दुसरेच काही लिहील. त्याचा हात थांबवून ‘बौद्ध’ असेच लिहवून घ्यावे. १९५६ साली घेतलेली दीक्षा मरणाच्या कागदावर पुसली जाऊ देऊ नये.

नाशिक महापालिकेने व जिल्हा परिषदेनेही दर आठवड्याचे मृत्यू, नोंदीच्या तारखेप्रमाणे नव्हे तर मृत्यूच्या तारखेप्रमाणे, प्रभागवार व तालुकावार प्रसिद्ध करावे, अशी आमची मागणी आहे. टाळेबंदीत कचेऱ्या बंद असल्या म्हणजे नोंदी पुढे सरकतात व साथ दिसेनाशी होते, म्हणून हा भेद महत्त्वाचा. नावे छापा असे आम्ही म्हणत नाही, संख्या छापा. ती वही सरकारपाशी आहेच.