माफीनाम्याचा कागद

राजस्थानातील नोखा येथे मार्च २०१६ मध्ये, शिक्षिका होऊ पाहणाऱ्या १७ वर्षांच्या दलित विद्यार्थिनीचा मृतदेह तिच्याच वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीत सापडला. पोलिसांनी बलात्काराचा गुन्हा नोंदवला; मृत्यू मात्र आत्महत्या मानला. आईवडील खूनच म्हणत राहिले. २०२१ मध्ये शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकास जन्मठेप झाली, तरी आत्महत्येचा तो निष्कर्ष आम्हांस पटलेला नाही. जे प्रेत नगरपालिकेच्या कचरागाडीतून नेले, त्यावरील पुरावे कितीसे जपले गेले असतील?

त्याहून बोचतो तो कागद. पोलिसांना कळवण्याऐवजी संस्थेने त्या मुलीकडूनच माफीनामा लिहून घेतला. अठरा वर्षांखालील मुलीची संमती पॉक्सो कायदा मानतच नाही. मग माफी कशाची?

आमच्या वसतिगृहातही मुली घरापासून दूर राहतात. असा कागद कोणी पुढे केल्यास सही करू नये, आधी घरी फोन लावावा, हे त्यांना प्रवेशाच्या दिवशीच सांगितले जावे. आणि रात्री तो फोन कोणाच्या कुलपात असतो, हे पालकांनी आम्हांला खुशाल विचारावे.